गोगलगायी का मरत होत्या, ते रिफ्रॅक्टोमीटरने सांगितले

माझ्या पुण्यातील घरी नव्वद लिटरची समुद्री टाकी आहे. काचेवरचे शेवाळ खाण्यासाठी तिच्यात सोडलेल्या बारा ट्रोकस गोगलगायींपैकी सात सहा आठवड्यांत मेल्या, आणि त्याच पाण्यातील क्लाउनफिशची जोडी मात्र रोज भुकेने काचेशी येत राहिली. मासे ठणठणीत असल्यामुळे पाणी ठीक आहे, असे मी धरून चाललो. अमोनिया आणि नायट्राइट शून्य होते. माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर वापरले जाणारे तांब्याचे औषध मासे सहन करतात, पण गोगलगायींना ते मारक ठरते, म्हणून तांब्याचीही चाचणी केली; तांबे आढळले नाही. क्षारतेचा, म्हणजे पाण्यातील मिठाच्या प्रमाणाचा, संशय आला नाही, कारण पाण्याचे विशिष्ट गुरुत्व (साध्या पाण्याच्या तुलनेतील घनता) दाखवणारा काट्याचा प्लास्टिक हायड्रोमीटर दर आठवड्याला १.०२५ हाच आकडा दाखवत होता.

शेवटी पाण्यातून जाताना प्रकाश किती वळतो त्यावरून क्षारता दाखवणारा, उजेडाकडे धरून पाहण्याचा साधा रिफ्रॅक्टोमीटर सुमारे दीड हजार रुपयांना घेतला. त्याने पहिल्याच दिवशी ४०‰ क्षारता दाखवली, म्हणजे हजार भाग पाण्यात चाळीस भाग क्षार; विशिष्ट गुरुत्व साधारण १.०३०. हायड्रोमीटरच्या काट्यावर क्षारांचा थर बसून तो जड झाला होता, त्यामुळे तो पुरेसा वर येत नव्हता, आणि त्याच्या भरवशावर मी दर वेळी पाण्यात जास्त मीठ कालवत होतो. पुढे दुकानातून नव्या गोगलगायी आणल्या, तेव्हा पिशवीतील पाणी तपासले. ते अवघे २७‰ निघाले. आधीच्या गोगलगायीही अशाच पाण्यातून आल्या असतील, तर पिशवी अर्धा तास टाकीत तरंगवून मी त्यांना थेट १३ एककांच्या फरकात सोडले होते. मासे शरीरातील क्षारांचे प्रमाण स्वतः राखतात. समुद्री गोगलगायीला ते जमत नाही, तिच्या शरीरातील द्रव भोवतालच्या पाण्याप्रमाणे बदलतो, आणि असा एकाएकी बदल झाला की ती काचेवरून सुटून वाळूत पडते व पुन्हा चढत नाही.

उपकरणाला दोन-तीन थेंब पाणी पुरते आणि आकडा मिनिटभरात मिळतो. त्याचे माहितीपत्रक मात्र अपुरे आहे. ऊर्ध्वपातित पाण्याने शून्य जुळवा, एवढेच त्यात लिहिले आहे. पण अशा स्वस्त उपकरणांची मोजपट्टी अनेकदा साध्या मिठाच्या द्रावणासाठी आखलेली असते आणि शून्य अचूक जुळवले तरी समुद्राच्या पाण्यासाठी ती सुमारे दीड एकक जास्त दाखवते. म्हणून ३५‰ चे प्रमाणित द्रावण वेगळे विकत घेऊन त्यावरच ते जुळवावे, असे मी आग्रहाने सांगेन. माझ्याकडे ते द्रावण आल्यावर ४०‰ चा आकडा ३८.५‰ वर उतरला. निष्कर्ष बदलला नाही, तरी हा फरक लहान नाही. तापमानाची आपोआप होणारी दुरुस्ती १० ते ३० अंशांपुरतीच असल्याने मे महिन्यातील दुपारी मोजणी करू नये. ट्यूबलाइटच्या उजेडात निळ्या-पांढऱ्या भागांतील सीमारेषा पुसट दिसते, खिडकीच्या उजेडात ती स्पष्ट होते.

टाकीची क्षारता रोज एक एकक याप्रमाणे, थोडे खारे पाणी काढून त्याजागी आरओचे पाणी घालत, ३५‰ वर आणली. बाष्पीभवनात पाणी उडते आणि मीठ मागेच राहते, त्यामुळे उन्हाळ्यात रोजची भरही केवळ आरओच्या पाण्याने घालतो. नव्या सहा गोगलगायी तीन तास थेंबथेंब पाणी मिसळून आणि दोन्हीकडचे आकडे जुळल्यावरच सोडल्या. तीन महिन्यांनंतर त्यांतील पाच जिवंत आहेत, आणि रात्री दिवा मालवला की त्या आपापल्या वाटेने काच चढू लागतात.