ऑर्केस्ट्रा हवाच, पण ड्रम्ससकट की ड्रम्सविना?

वय झालेला रॉक गायक ऑर्केस्ट्रा घेऊन उभा राहिला की आमच्या ऐकणाऱ्या मंडळींत दोन तट पडतात. एक म्हणतो, बँड जसाच्या तसा राहू द्या, वरून व्हायोलिनं चढवा. दुसरा म्हणतो, बँड तसाच वाजणार असेल तर एवढी माणसं बोलावली कशाला? परवा नांदेडहून ओळखीतल्या एका पोराचा फोन आला. नवा टर्नटेबल घेतलाय आणि खिशात एका रेकॉर्डपुरतेच पैसे उरलेत. "काका, द हू चं वेम्ब्ली घेऊ का पीटर गॅब्रिएलचं न्यू ब्लड?" द हू हा ब्रिटिश रॉक बँड, गॅब्रिएल ब्रिटिश रॉक गायक, आणि दोन्ही रेकॉर्डी ऑर्केस्ट्रासोबतच्या. फोनवर त्याला दोन वाक्यांत उत्तर दिलं, पण हा प्रश्न दोन वाक्यांत संपणारा नाही. मीही कधीतरी याच दोहोंपुढे अडलो होतो.

आधी वेम्ब्लीची बाजू घेतो, कारण पुढं तिच्यावर थोडा अन्याय होणार हे मला आत्ताच दिसतंय. लंडनच्या वेम्ब्ली स्टेडियममधली ६ जुलै २०१९ ची ही मैफल. त्या वर्षीच्या दौऱ्यात द हू नं बहुतेक ठिकाणी त्या-त्या गावचे वादक घेतले होते आणि निर्देशक (कंडक्टर) मात्र स्वतःचा, कीथ लेव्हन्सन. बँडचा गायक रॉजर डॉल्ट्री तेव्हा ७५ वर्षांचा. आवाजाला खरखर आलीय, वरचा सूर गाठायला तो आता जरा लांबून धावत येतो, पण गाठतो. ‘लव्ह, रेन ओ’अर मी’ मधली ती आरोळी या वयात ऐकताना आपलाच श्वास अडकतो. त्यातून ‘टॉमी’ हा त्यांचा जुना अल्बम, हे प्रकरण १९६९ पासूनच ऑपेराच्या वळणाचं. मूळ अल्बममधल्या ‘ओव्हर्चर’ मध्येही बेसवाल्या जॉन एन्टविसलनं फ्रेंच हॉर्न वाजवला होता. त्यामुळं इथं हॉर्न घुमले की पाहुणे आल्यासारखं वाटत नाही, घरचीच माणसं परतल्यासारखी वाटतात.

आपल्याला आणखी एक धागा जवळचा. द हू चा गिटारवाला आणि गाणी लिहिणारा पीट टाउनशेंड मेहेरबाबांचा अनुयायी. त्यांच्या ‘बाबा ओ’रायली’ या गाण्यातले बाबा ते हेच, आणि रायली म्हणजे अमेरिकन संगीतकार टेरी रायली. संभाजीनगरहून पुण्याला निघालं की वाटेत नगर लागतं. तिथून दौंडच्या रस्त्याला अरणगावजवळ मेहेराबाद, बाबांची समाधी. या गाण्याच्या शेवटी मूळ अल्बमात व्हायोलिन होतं. प्रत्यक्ष कार्यक्रमांत डॉल्ट्री बरीच वर्षं त्या जागी माउथ ऑर्गन वाजवायचा. ऑर्केस्ट्राच्या दौऱ्यात ती जागा केटी जेकोबीच्या व्हायोलिनला परत मिळाली. तेवढ्यासाठी हा अल्बम ऐकाच, असं मी कुणालाही सांगेन.

मग अडतं कुठं? ड्रम्सपाशी.

वेम्ब्लीत ड्रम्सवर बसलेला झॅक स्टार्की उत्तम ड्रमर आहे, तक्रार त्याच्याबद्दल नाहीच. तक्रार रचनेबद्दल आहे. व्हायोलिनचा आवाज मुळात बारीक, म्हणून त्याच्यापुढं माइक लावावा लागतो. पण एकाच मंचावर ड्रम्स वाजत असतील तर ते त्या माइकमध्येही शिरतात. ध्वनियंत्रणेवर बसलेल्यानं व्हायोलिन वाढवलं की त्याच्याबरोबर ड्रम्सही वाढतात. म्हणून ड्रम्सपुढं पारदर्शक काच उभी करतात, वाद्यांना चिकटणारे माइक लावतात, नाना उपाय करतात. तरी व्हायचं ते होतंच. ट्रम्पेट, हॉर्न ही पितळी मंडळी त्या गदारोळात तग धरतात. तंतुवाद्यं बुडतात. वरातीत बँजो पार्टीच्या पुढं सनईवाला चालतो, त्याचे फुगलेले गाल तेवढे दिसतात, तशी गत. एकदा हे कानाला खटकलं की मग सुटत नाही. मला तर चांगल्या गाण्यातही सारखं वाटत राहतं की आत्ता व्हायोलिनं काय वाजवत असतील बरं?

आणि हे वेम्ब्लीपुरतं नाही. मेटॅलिका या अमेरिकन मेटल बँडनं १९९९ मध्ये निर्देशक मायकेल केमनच्या साथीनं सॅन फ्रान्सिस्को सिंफनीबरोबर जे केलं, त्यातही माझा कान याच जागी ठेचकाळतो. वीस वर्षांनी, २०१९ मध्ये, त्यांनी तोच खेळ पुन्हा मांडला. त्यातलं सगळ्यात सुंदर गाणं कोणतं म्हणाल, तर ‘द अनफरगिव्हन ३’. त्यात बँड बाजूला होतो आणि गायक जेम्स हेटफिल्ड एकटा ऑर्केस्ट्राच्या पुढ्यात उभा राहून गातो. गिटारही हातात नाही. वेम्ब्लीतही मला सगळ्यात भावलेली जागा ‘बिहाइंड ब्लू आइज’ ची, जिथं साथीला व्हायोलिन आणि चेलो आहेत. दोन्हीकडं बँड हटला तेव्हाच मला ऑर्केस्ट्रा सापडला. योगायोग असेलही, मी काही ध्वनितज्ज्ञ नाही.

गॅब्रिएलनं हे भांडण सुरू होण्याआधीच मिटवलं. २०१० मध्ये दुसऱ्यांची गाणी गायलेला अल्बम काढताना त्यानं नियमच केला, गिटार नको आणि ड्रम्स नकोत. जॉन मेटकाफनं वाद्यरचना केली. मग तोच नियम स्वतःच्या जुन्या गाण्यांना लावून २०११ चा न्यू ब्लड झाला. जवळजवळ शेचाळीस वादक, निर्देशक बेन फॉस्टर. लंडनच्या हॅमरस्मिथ अपोलोमधल्या मार्च २०११ च्या कार्यक्रमांची चित्रफीतही आहे, आणि रेकॉर्डपेक्षा मी तीच जास्त वेळा पाहिलीय.

या नियमाची खरी कसोटी ‘द रिदम ऑफ द हीट’ मध्ये लागते. गाणं आफ्रिकेतल्या ढोलवादनानं हादरून गेलेल्या मानसशास्त्रज्ञ कार्ल युंगबद्दलचं. १९८२ च्या मूळ ध्वनिमुद्रणात शेवटी ढोलांचा नुसता कल्लोळ आहे. ढोलाविषयीचं गाणं ढोलाशिवाय करायचं म्हणजे अट्टहासच की! पण चित्रफितीत शेवटाकडं बघा. सगळे वादक गज घासत सुटतात, चेलो आणि डबल बास तालाचं काम अंगावर घेतात. लय कुठंच सैल पडत नाही. एवढी माणसं लाकडावर, तारेवर राबताहेत हे स्वच्छ ऐकू येतं. पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हाच माझा निकाल लागला होता, बाकीची कारणं मागाहून जमवली असं म्हणालात तरी चालेल.

दुसरा फायदा गायकाला होतो. मागं ड्रम्स नसले की ओरडावं लागत नाही. एकसष्टीचा गॅब्रिएल काही ओळी जवळजवळ बोलल्यासारख्या म्हणतो आणि त्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचत असणार. डॉल्ट्रीला ती मुभा कमी मिळते. त्याला सगळा संच ओलांडून गावं लागतं. तो ओलांडतो हे त्याचं कर्तृत्व, पण मला मात्र गाण्याऐवजी त्याच्या घशाचीच काळजी लागते.

‘बिको’ चं सांगतो. दक्षिण आफ्रिकेतला कार्यकर्ता स्टीव्ह बिको १९७७ मध्ये पोलिसांच्या कोठडीतल्या मारहाणीनं मेला, त्याच्यावरचं हे गाणं. आमच्यात एक दादा आहेत, नामांतराच्या लढ्यात पुढं असलेले. रॉकशी त्यांचं काही देणंघेणं नाही, चहापुरते येऊन बसतात. बिको कोण हे त्यांना सांगून चित्रफितीतलं हे गाणं लावलं. संपल्यावर म्हणाले, "परत लाव." त्यांनी परत लाव म्हटलेलं ते एकच इंग्रजी गाणं.

आता गॅब्रिएलच्या उण्या बाजू, कारण त्या आहेतच. ‘स्लेजहॅमर’ ऐकायला म्हणून न्यू ब्लड घ्याल तर पस्तावाल, ते त्यात नाही. ‘रेड रेन’ च्या मूळ ध्वनिमुद्रणात ड्रमर स्ट्युअर्ट कोपलंडचा हाय-हॅट, म्हणजे ड्रम्समधली झांजांची जोडी, पावसासारखा टिपटिपतो, तो इथं नाही आणि मला त्याची आठवण येते. सगळा कारभार जरा गंभीर आहे. लग्नकार्याला जमलेल्या मित्रांत लावला तर पाचव्या मिनिटाला कुणीतरी दुसरं काहीतरी लावायला सांगेल. ‘सोल्सबरी हिल’ तेवढं सात मात्रांचं आणि प्रसन्न. आमच्या तबलजींनी मांडीवर रूपक धरून पाहिला. मात्रा जुळल्या, वजन काही जुळेना. पण तेवढा वेळ त्यांनी डोळे मिटून ऐकलं हेही नसे थोडके.

आणि मराठवाड्यापुरती एक मोठी अडचण म्हणजे कूलर. न्यू ब्लड मधल्या हळू जागा इतक्या हळू आहेत की एप्रिल-मे मध्ये खोलीत कूलर घरघरत असला तर अर्धं गाणं त्यातच जातं. कूलर बंद करावा तर माणसं उठून जातात. वेम्ब्लीला कूलरचं भय नाही, ते ट्रकच्या हॉर्नलाही दाद देत नाही. त्यामुळं दुपारी ऐकणारे, गाडीत ऐकणारे, स्वयंपाकघरातून ऐकणारे यांच्यासाठी वेम्ब्लीच बरं. यात मी काही वरचं-खालचं करत नाही. आमच्यातले दोघं-तिघं अजूनही डॉल्ट्रीच्याच बाजूचे आहेत, आणि रॉक म्हणजे छातीत धडधडलं पाहिजे हा त्यांचा मुद्दा मला खोडता आलेला नाही.

तरी रेकॉर्ड एकच घ्यायची असेल, टर्नटेबलपुढं बसून ऐकायची असेल आणि ऑर्केस्ट्रा खरोखर ऐकायचा असेल, तर मी गॅब्रिएलकडं झुकेन. वेम्ब्ली मोबाइलवर ठेवा, नगर रस्त्याला लावा. न्यू ब्लड पावसाळा लागला की रात्रीचं लावा, नाहीतर हेडफोन घाला. त्यात ‘सोल्सबरी हिल’ च्या आधी जवळपास पाच मिनिटं नुसते त्या टेकडीवरचे आजूबाजूचे आवाज आहेत, वाद्य एकही नाही. रेकॉर्ड बिघडलीय समजून दुकानदाराशी भांडायला जाऊ नका.