पाणी गाळणारं सॉफ्टवेअर: अकरा महिन्यांच्या वापरानंतर

लायसन्स रिन्यू करायचा मेल आला, म्हणून लिहायला बसले. गेल्या जुलैत हे डेटा ॲनालिसिसचं सॉफ्टवेअर मी १८,५०० रुपये भरून घेतलं. पैसे कंपनीचे नव्हते, माझे होते. भांडुप-मुलुंडकडच्या नऊ सोसायट्यांच्या तक्रारी एकत्र करून दर महिन्याला अहवाल देणं हे माझं काम. एक्सेलमधल्या 'तक्रारीचे स्वरूप' या रकान्यात लोक मनाला येईल तसं लिहितात, आणि त्यातून कीवर्ड, म्हणजे तक्रारींतले महत्त्वाचे शब्द, काढून हवे असतात. चार्ट, पिव्होट, डॅशबोर्ड वगैरेबद्दल लिहीत नाही, ते सगळं नीट चालतं. मला बोलायचंय ते कीवर्डबद्दलच.

पहिले चार महिने मी खूश होते. यादीत 'गळत', 'कचर', 'नळ' असे शब्द यायचे. मला वाटलं, सॉफ्टवेअर प्रत्यय काढून शब्दाचं मूळ रूप देतंय, मराठीसाठी एवढं केलंय म्हणजे कमालच. 'कर' हा शब्द वर आला तेव्हा मी अहवालात 'मालमत्ता कराविषयी तक्रारी' असं लिहून मोकळी झाले. त्याची खंत अजून जात नाही.

डिसेंबरच्या मीटिंगला सेक्रेटरी काकांनी कागद हातात घेतला, चष्मा वर केला आणि म्हणाले, "अहो मॅडम, नोव्हेंबरभर बी विंगला टँकर घालतोय आम्ही. तुमच्या कागदावर पाण्याचा प पण नाही?"

खरंच नव्हता. घरी येऊन मूळ फाईल उघडली. २१४ तक्रारींपैकी ६१ तक्रारींत 'पाणी' लिहिलेलं होतं आणि कीवर्डच्या यादीत ते शून्य.

मग मी एकेका ओळीत एकेकच शब्द लिहून चालवून पाहिलं. 'नळ' टाकला, 'नळ' आला. 'रस्ता' टाकला, 'रस' आला. 'वॉचमन'चा 'चमन' झाला. 'टँकर'चा 'कर' झाला. तो मालमत्ता कर कुठून आला ते तेव्हा कळलं. 'पाणी', 'लिफ्ट', 'पार्किंग', 'वीज' टाकले तर काहीच आलं नाही, रकाना कोरा.

कारण कळायला दोन रात्री गेल्या, पण ते समजून घेण्यासारखं आहे. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकात सगळ्या लिप्यांना क्रमांक देणाऱ्या मानकात, काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त यांची गणना 'अक्षर' म्हणून होत नाही, ती अक्षराला जोडायची चिन्हं धरली जातात. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या नेहमीच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये, म्हणजे मजकुरातले नमुने शोधायच्या सांकेतिक भाषेत, शब्दातलं अक्षर ओळखायची जी खूण आहे, बॅकस्लॅश डब्ल्यू, तिच्यात ही चिन्हं बसत नाहीत. त्यामुळे प्रत्येक कान्यापाशी शब्द तुटतो. सायकिट-लर्न या पायथनमधल्या डेटा ॲनालिसिसच्या लायब्ररीत शब्द तोडायचा जो तयार साचा आहे, त्यात वर असाही नियम आहे की दोनपेक्षा कमी अक्षरांचा तुकडा टाकून द्यायचा. 'पाणी'चे तुकडे होतात 'प' आणि 'ण'. दोन्ही एकेकटे, दोन्ही कचऱ्यात. हा साचा मी पायथनमध्ये स्वतः चालवून पाहिला, निकाल शब्दाला शब्द तोच आला, म्हणजे सॉफ्टवेअरच्या आत बहुधा हाच साचा असणार.

एवढं सगळं स्क्रीनशॉटसकट सपोर्टला पाठवलं. एकोणीस दिवसांनी उत्तर आलं: देवनागरी सपोर्टेड आहे, तुमचा डेटा क्लीन करा. पुन्हा लिहिलं, तर म्हणे मजकूर रोमन लिपीत करून घ्या. मराठी माणसाने मराठीत लिहिलेली तक्रार घाण डेटा कशी ठरते? माझा संताप झाला. तेव्हा लिहिलं असतं तर हे घेऊच नका म्हणाले असते.

मार्चमध्ये मात्र प्रगत सेटिंगच्या अगदी तळाशी 'टोकन पॅटर्न' नावाचा चौकोन सापडला, एक शब्द कशाला धरायचं ते इथे सांगता येतं. त्यात देवनागरीचा युनिकोड पट्टा, ०९०० ते ०९७एफ, आणि जोडीला रोमन अक्षरं दिली, कारण निम्मे लोक व्हॉट्सॲपवर 'पानी नही आया' रोमनमध्येच टाईप करतात. बटण दाबलं आणि यादीत पहिला शब्द आला 'पाणी'. मी खुर्चीतून उठून उभी राहिले. सोय आतच होती, सपोर्टमधल्या एकालाही ती माहीत नव्हती.

तरी काम संपत नाही. 'पाणी', 'पाण्याचा', 'पाण्याला', 'पाण्यामुळे' हे चार वेगळे शब्द मोजले जातात, त्यामुळे मी हाताने ३१२ ओळींची समान शब्दांची यादी केली. यादीवरून शब्द बदलायची सोय मात्र इथे उत्तम आहे, ३१२ ओळी एका फाईलमधून चढल्या. कीवर्ड काढायची याके नावाची आणखी एक पद्धतही दिलीय, पण ती कॅपिटल अक्षरांचाही आधार घेते आणि आपल्याकडे कॅपिटल नाहीतच. टीएफ-आयडीएफ, म्हणजे शब्दाला वजन देऊन कीवर्ड निवडायची पद्धत, वापरताना जपा. जो शब्द सगळीकडे येतो त्याचं वजन ती पद्धत मुद्दाम उतरवते, १९७२ मध्ये ब्रिटिश संगणकशास्त्रज्ञ कॅरन स्पार्क जोन्स यांनी मांडलेली कल्पनाच ती. 'सोसायटी', 'विंग' खाली जातात ते बरंच, पण नऊच्या नऊ सोसायट्यांत पाणी नसेल तर 'पाणी'सुद्धा खाली जातं. म्हणून मी शेजारी साधी मोजणी ठेवतेच. कुठल्या सोसायटीचं दुखणं वेगळं आहे ते टीएफ-आयडीएफ सांगते, सगळ्यांचं दुखणं काय ते मोजणी सांगते.

डेमो घेणार असाल तर सेल्सवाल्याची फाईल बंद करायला लावा आणि 'पाणी', 'टँकर', 'लिफ्ट' हे तीन शब्द स्वतः टाईप करा.

जुलै ते फेब्रुवारीचे आठही अहवाल मी पुन्हा काढून दिले, एक पैसा न घेता. लायसन्स रिन्यू करणार आहे, पण वरचा प्लॅन सोडून ९,००० च्या खालच्या प्लॅनवर. टोकन पॅटर्नचा चौकोन त्यातही आहे, पैसे भरायच्या आधी उघडून पाहिला.