जुन्या गाडीसाठी घेतलेला मल्टीमीटर: एका पावसाळ्याचा अनुभव

चिपळूणच्या पावसात आमच्या जुन्या हॅचबॅकची दोन दुखणी ठरलेली: डाव्या सीटपुढे पाणी आणि सकाळी उतरलेली बॅटरी. जूनमध्ये व्होल्टेज, करंट मोजणारा साधा डिजिटल मल्टीमीटर घेतला. आता पाऊस सरलाय, म्हणून लिहितो.

कुरकुर आधी. सोबतच्या वायरी आखूड, क्रोकोडाइल क्लिप वेगळ्या घ्याव्या लागल्या, आणि स्क्रीनचा लाइट डॅशबोर्डखाली डोकं घातलं की हमखास विझतो. जास्त करंट मोजायला 10 अँपिअरचं वेगळं भोक मात्र आहे. त्याशिवायचा मीटर गाडीसाठी घेऊच नका.

पैसे वसूल झाले ते बॅटरीच्या भानगडीत. गाडी लॉक करून, निगेटिव्ह टर्मिनल आणि केबल यांच्या मध्ये मीटर जोडून अर्धा तास थांबलो. (असा जोडलेला असताना स्टार्टर मारायचा नाही, मीटरचा फ्यूज उडतो.) बंद गाडी 50 मिलिअँपिअरपर्यंत खाते ते चालतं, आमची त्याच्या कितीतरी पट खात होती. मग टर्मिनल परत जोडलं, पुन्हा तेवढंच थांबलो. फ्यूज एकेक उपटत बसायचं नाही. मीटर मिलिव्होल्टवर ठेवून फ्यूजच्या पाठीवरच्या दोन उघड्या ठिपक्यांना टोकं लावायची. आकडा दिसला की त्यातून करंट वाहतोय. सेंट्रल लॉकिंगचा फ्यूज निघाला. त्याच्या वायरी धरून गेलो तर डाव्या बाजूच्या पॅनलमागे कनेक्टर ओला, पिना हिरव्यागार. म्हणजे दोन्ही दुखणी एकच.

पाणी कुठून येतं हे मीटर सांगत नाही. एसी लावल्यावरच साचत असेल तर एसीची नळी तुंबलेली. चिकट असेल, गोडसर वास येत असेल तर कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव), म्हणजे हीटर कोर (डॅशबोर्डमागचा हीटरचा छोटा रेडिएटर) गळतोय. आमच्याकडे फक्त पावसात. भाच्याला टॉर्च देऊन आत बसवलं आणि पाइपाने खालून वर हळूहळू पाणी मारत गेलो. वरून सुरुवात केली तर सगळंच ओलं होतं, काही कळत नाही. वायपरखालच्या जाळीपाशी पोचलो तेव्हा आतून ओरडला, "मामा, आलं!" पानांनी तिथला निचरा बंद, आणि साचलेलं पाणी फाटक्या ग्रोमेटमधून (वायरी आत येतात त्या भोकाचं रबर) हार्नेसवरून, म्हणजे वायरींच्या जुडग्यावरून, थेट कनेक्टरवर.

वायर तुटली नाही ना हे बघायला मीटरमध्ये बझर असतो, त्यावर फार विसंबू नका. एकच तार शिल्लक असलेली वायरही बीप देते, पण बल्बचा भार पेलत नाही. म्हणून सोबत टेस्ट लॅम्प (वायरीला लावून बघायचा छोटा बल्ब) ठेवाच. ब्रेक दाबल्यावर मागचा इंडिकेटर मिणमिणत होता, तेव्हा बल्ब चालू ठेवून दिव्याची अर्थिंग (गाडीच्या बॉडीला जोडलेली निगेटिव्ह बाजू) आणि बॅटरीचं निगेटिव्ह यांमधलं व्होल्टेज मोजलं. 0.2 व्होल्टच्या आत हवं, आलं एकाच्या वर. अर्थिंगचा बोल्ट पॉलिशपेपरने घासला, काम झालं.

कार्पेटखालचा फोम सुकायलाच सगळ्यात जास्त वेळ लागला.

क्लॅम्प मीटर (वायर न तोडता तिच्याभोवती चिमटा लावून करंट मोजणारा) घेणार असाल तर डीसी, म्हणजे बॅटरीचा करंट मोजतो का ते आधी बघा. स्वस्तातले बरेचसे फक्त घरातल्या विजेसारखा एसी करंट मोजतात, गाडीला निरुपयोगी.