पोर्तुगालचं १९७४चं युरोव्हिजन गाणं: मतं तीन, तरी ऐकाच

युरोव्हिजन म्हणजे युरोपातल्या देशांची टीव्हीवरची गाण्याची स्पर्धा. गोव्यात आमच्या फोंड्याकडे तिचं नाव कोणी फारसं घेत नाही. इथले कान तयार होतात ते देवळातल्या भजनांवर आणि नाट्यपदांवर. मी पेटी शिकवते, तीही भजनाचीच. पण पोर्तुगालने १९७४ साली पाठवलेलं ‘ए देपोइश दु आदेउश’ हे गाणं सध्या मी घरी येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवते आहे.

आधी गाण्याविषयी. गायक पाउलो द कार्व्हाल्यो खालच्या सुरांत, बोलता बोलता गुणगुणावं तसा सुरू होतो. मी कोण, इथे काय करतोय, मला कोण सोडून गेलं, मी कोणाला विसरलो, असे त्याचे प्रश्न. मला पोर्तुगीज येत नाही. शेजारची तिया (मावशी) लिसेंवात, म्हणजे पोर्तुगीज हायस्कुलात, शिकलेली, आता ऐंशीच्या पुढची. तिने एकेक ओळ थांबवून थांबवून सांगितली. “तूं फूल जावन आयलें, हांवें पाकळ्यो काडल्यो,” म्हणजे तू फूल होऊन आलीस, मी पाकळ्या खुडल्या, असं सांगून ती जरा गप्प बसली. गाण्यातल्या तिने प्रेम दिलं, ह्याने काहीच दिलं नाही, आणि आता निरोपानंतर दोघंही एकटी. एवढंच गाणं. निरोपाच्या गाण्यांचं गोव्याला अप्रूप नाही, ‘आदेउस कोरचो वेळ पावलो’ (निरोपाची वेळ आली) हा मांडो, म्हणजे कोकणी गीत, इथे सगळ्यांना ठाऊक! पण मांडोत निरोप घेतानाचं दुःख असतं. इथे निरोप घेऊन झालाय, दार लागलंय, आणि मग माणूस हिशेब मांडत बसलाय.

चाल बांधलीय ती जोझे काल्व्हारियो या विशीतल्या मुलाने. कडव्यात सूर लहानशा टप्प्यातच फिरत राहतो, वर जायची घाई करत नाही. ध्रुवपदाला मात्र गळा एकदम मोकळा सुटतो, आणि आपल्याला कळतं की इतका वेळ तो आवरून धरला होता. माझ्या विद्यार्थ्यांना मी हेच सांगत असते, की तार षड्जाची, म्हणजे वरच्या ‘सा’ची, किंमत मंद्रात, खालच्या सुरांत, मोजावी लागते. पाउलो गायक होण्याआधी साठच्या दशकात ‘शेक्स’ नावाच्या बँडमध्ये ड्रम वाजवायचा. ते कान देऊन ऐकलं की समजतं: शब्द किंचित मागे रेंगाळतात, मात्रा कुठेच सुटत नाही. शब्द जोझे नीझा यांचे. ते पेशाने डॉक्टर होते.

नेटवर शोधलं तर दोन ध्वनिमुद्रणं मिळतात. एक स्टुडिओतलं, दुसरं ६ एप्रिल १९७४ला इंग्लंडात ब्रायटनच्या रंगमंचावरचं, जिथे समोर जिवंत वाद्यवृंद होता आणि तो काल्व्हारियोच चालवत होता. पहिल्यांदा ऐकणाऱ्याने स्टुडिओतलंच घ्यावं, शक्यतो हेडफोन लावून. ब्रायटनला दुसऱ्या ध्रुवपदात वाद्यवृंद गायकाच्या अंगावर येतो, आणि शेवट उरकल्यासारखा वाटतो. ज्या गाण्याचा सगळा जीव शेवटच्या एकटेपणात आहे, त्याला तिथे श्वास घ्यायला जागा हवी होती. ही माझी खरी तक्रार.

परीक्षकांची तक्रार मोठी असावी, कारण गाण्याला मतं पडली फक्त तीन. सतरा देश, प्रत्येक देशाचे दहा परीक्षक, प्रत्येकाचं एक मत. पोर्तुगाल आणखी तीन देशांबरोबर तळाला. जिंकला स्वीडनचा आब्बा हा बँड, तोही इंग्रजीत गाऊन, कारण तेव्हा भाषेची अट काढलेली होती. पोर्तुगालने आपल्याच भाषेत गायलं, याचं मला कौतुक आहे.

आता पुढचं. स्पर्धेनंतर तीन आठवडेही झाले नव्हते. २४ एप्रिलच्या रात्री अकराला पाच मिनिटं असताना लिस्बनच्या एका रेडिओ केंद्रावरून हेच गाणं वाजलं, आणि बंडाला तयार असलेल्या लष्करी अधिकाऱ्यांनी ओळखलं की निघायची तयारी करायची. प्रेमभंगाचं, नुकतंच टीव्हीवर गाजलेलं गाणं. त्याचा संशय कोणाला येणार? मध्यरात्रीनंतर दुसऱ्या केंद्रावरून दुसरं गाणं वाजलं आणि फौजा बाहेर पडल्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत जवळजवळ अर्धशतकाची हुकूमशाही संपली होती.

तीच ही राजवट, जिच्या काळात गोव्यात लग्नपत्रिकासुद्धा छापण्याआधी सेन्सॉरला दाखवावी लागे. सावईवेऱ्याच्या मराठी शाळेत शिकवणारे, गोवा मुक्तिसंग्रामातले मोहन रानडे हिच्याच तुरुंगात होते. लिस्बनजवळच्या काशियाश किल्ल्यातून ते सुटले १९६९ला, म्हणजे गोवा मुक्त होऊन सात वर्षं उलटल्यावर. गोवा भारताचा झाला हे त्या राजवटीने शेवटपर्यंत मान्य केलं नाही. ते मान्य केलं बंडानंतरच्या सरकारने: ३१ डिसेंबर १९७४ला दिल्लीत करार झाला, पोर्तुगालकडून मारियो सोआरिश आणि आपल्याकडून यशवंतराव चव्हाण यांची सही.

माझे काका हे गाणं ऐकायला बसत नाहीत. पोर्तुगीज शब्द कानावर पडले की त्यांना पाखल्यांची, म्हणजे पोर्तुगीज शिपायांची, गस्त आठवते, आणि त्यांना मी कधीच आग्रह करणार नाही. पण माझ्या वयाच्या आणि माझ्याहून लहान मराठी माणसांनी ते ऐकावं असं मला मनापासून वाटतं. इतिहास आधी वाचू नये. आधी वाचला की प्रत्येक सुरात बंड ऐकू येऊ लागतं, आणि ते तिथे नाहीच. तिथे एक पुरुष आपला दोष कबूल करतोय. म्हणून तर ते सेन्सॉरच्या नाकाखालून निघून गेलं.

हे आवडलं तर पोर्तुगालचंच २०१७चं गाणं घ्यावं. साल्व्हादोर सोब्राल गायलाय, चाल आणि शब्द त्याची बहीण लुइझा हिचे. ७५८ गुण मिळवून पोर्तुगाल पहिल्यांदा जिंकला, १९६४ला स्पर्धेत उतरल्यापासून पहिल्यांदाच. ते गाणं फार नाजूक आहे, पेटीवर तर लगेच बसतं. तरी माझ्या मोठ्या वर्गातल्या मुलांना मी आधी १९७४चंच देते. त्यातलं खालच्या सुरांतलं कडवं न ओरडता, न रडता म्हणता आलं की मग दुसरं.