माझ्या रचनेत नसलेला सॅक्सोफोन आणि गेलेले ५७,२३९ रुपये

आकडा आधीच सांगून टाकतो, म्हणजे "नक्की किती गेले रे?" हा प्रश्न तरी सुटेल. माझ्या गाण्याचे श्रोते वाढवून देतो म्हणणाऱ्याने मला फसवलं, त्यात गेले ५७,२३९ रुपये. गावात हे विचारताना लोक कसे ओठ दाबून हसतात ते आता मला पाठ झालंय. आधी तिठ्यावर "काय रे, तुझा ता जॅझ खंय पोचला?" म्हणून हाका मारायचे. आता हळू आवाजात चौकशी करतात. ते त्याहून वाईट.

मी जॅझ रचतो. पोटासाठी लग्नाच्या ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवतो, मुलांना पेटी शिकवतो, गणपतीत बुवांच्या मागे बसतो. कोकणात कसला जॅझ, असं ज्यांना वाटतं त्यांनी तेरेखोलच्या पलीकडे, गोव्यात बघावं. तिथून गेलेल्या माणसांनीच मुंबईतली हॉटेलं आणि सिनेमाचे स्टुडिओ वाजते ठेवले. चिक चॉकलेट नावाचा वादक ताजमध्ये ट्रम्पेट वाजवायचा. सबॅस्टियन डिसोझांनी शंकर-जयकिशनच्या गाण्यांचं अरेंजिंग केलं. १९७८ साली मुंबईत 'जॅझ यात्रा' हा महोत्सव सुरू झाला. तेव्हा हे माझ्या एकट्याच्या डोक्यातलं खूळ नव्हे. पण आज मी पखवाजावर सात मात्रांचा रूपक ताल धरून त्यावर पियानो आणि क्लॅरिनेट बांधलं, तर ते ऐकवू कुठे? भजनाच्या डबलबारीला आलेल्या लोकांना? तालुक्यात एक हॉल आहे, त्याचं भाडं मला परवडत नाही, आणि परवडलं तरी खुर्च्यांवर नातेवाईकच बसणार. ऑनलाइन श्रोते मिळवणं एवढी एकच वाट उरते. मला मूर्ख म्हणायचं तर खुशाल म्हणा, पण आधी हे लक्षात घ्या.

पुढचा साचा तुम्हाला माहीतच आहे. इन्स्टाग्रामवर मेसेज, मग व्हॉट्सॲप, मग गोड बोलणारा 'आर्टिस्ट मॅनेजर'. नावापुढे निळी खूण होती. ती हल्ली महिन्याचे पैसे भरून कोणालाही मिळते, तिच्यावर जाऊ नका. त्याने जगातल्या 'खऱ्या जॅझ ऐकणाऱ्यांच्या' प्लेलिस्टमध्ये माझी रचना बसवून द्यायची होती. चाचणी म्हणून १,४९९ रुपये. गाणी ऐकायच्या स्पॉटिफाय ॲपवर रचना किती वेळा वाजली याचा तीनशेवर अडकलेला आकडा आठवड्याभरात अकरा हजारांवर गेला. आता सांगा, तुम्ही काय केलं असतं?

मग त्याचा फोन आला. हा फोन मी अजून रात्री डोक्यात पुन्हा पुन्हा ऐकतो. "सर, तुमचा तो सॅक्सोफोन सोलो! अंगावर काटा आला हो."

त्या रचनेत सॅक्सोफोन नाहीच. क्लॅरिनेट आहे. कुडाळकडच्या एका बँडवाल्या मित्राने वाजवलंय. पंखा बंद करून, घामाने बोटं घसरत असताना, रीड, म्हणजे फुंकायची पट्टी, चिरली म्हणून दुसरी लावून त्याने तो टेक दिला होता. नीट कान दिलात तर मागे बागेतल्या पंपाची घरघर ऐकू येते. एक मिनिट दहा सेकंदांपर्यंत नुसता पखवाज आणि पियानो आहे, मग क्लॅरिनेट येतं. जो माणूस ते सॅक्सोफोन आहे म्हणाला, त्याने ते ऐकलेलंच नव्हतं. इतकं साधं होतं.

आणि मी काय केलं, तर मनातल्या मनात त्यालाच सांभाळून घेतलं. म्हटलं, सामान्य माणसाला फुंकायचं काहीही सॅक्सोफोनच वाटतं. मला नाही का लग्नात सगळे 'कॅसिओवाले' म्हणतात, कीबोर्ड कुठल्याही कंपनीचा असो! जन्मभर आपल्या वाद्यांची नावं चुकीची ऐकलेल्या माणसाला अशा चुकीची सवयच झालेली असते. त्यातून माझ्या रचनेबद्दल स्वतःहून फोन करणारा तो पहिलाच. घरच्यांनीसुद्धा ती पूर्ण ऐकली नव्हती. मी विरघळलो, यात नवल काय?

त्याच दिवशी १८,००० रुपये गेले. वर १८ टक्के जीएसटी म्हणून ३,२४०. जीएसटी भरला म्हणजे माणूस सरकारी हिशेबात आहे, असं मला वाटलं. तेव्हा कोणालाही वाटलं असतं, पण ते खरं नव्हे. बिलही आलं, छान रंगीत. पत्ता अंधेरीचा. जीएसटी क्रमांक मात्र ०७ ने सुरू होणारा. महाराष्ट्राचा २७ असतो, ०७ म्हणजे दिल्ली. पंधरा अक्षरी क्रमांक जीएसटीच्या पोर्टलवर टाकला की धंद्याचं नाव फुकट दिसतं. ज्या यूपीआयवर पैसे पाठवले तिथे कंपनीचं नव्हे, भलत्याच एका बाईचं नाव आलं होतं. पिन टाकण्याआधी ते नाव वाचा. ते त्यासाठीच दाखवतात.

मग युरोपातल्या एका जॅझ महोत्सवाच्या 'शोकेस'ची, म्हणजे नव्या वादकांच्या कार्यक्रमाची, यादी आली, अनामत २५,००० रुपये, परत मिळणारी. ते काजूचे पैसे होते, आईने ठेवायला दिलेले. यावर जास्त लिहीत नाही.

शेवटी ९,५०० रुपये 'कॉपीराइट क्लिअरन्स'चे. माझ्याच रचनेची परवानगी मला विकली! रचना केली त्या क्षणी कॉपीराइट आपला होतो. भारतात नोंदणी ऐच्छिक आहे, आणि करायचीच तर एका सांगीतिक कृतीचं सरकारी शुल्क ५०० रुपये आहे. पण त्याने मला बरोबर दुखऱ्या जागी धरलं होतं. रचनेत एका जुन्या भजनाच्या चालीची सावली आहे, हे मीच त्याला कौतुकाने सांगितलं होतं. "सर, फोक मटेरियल आहे, परदेशात प्रॉब्लेम येतो." पारंपरिक चालीवर कोणाची मालकी नसते. आता मी हे कोणालाही समजावून सांगू शकतो. तेव्हा समोरून घाई चालली होती, संध्याकाळी सहाच्या आत, सहाच्या आत.

या धंद्याची मेख अशी की पैसे गेलेत हे कळतच नाही. ओटीपीवाला लुटतो तेव्हा खातं रिकामं दिसतं. इथे आकडे वाढताना दिसतात. मी महिनाभर रोज सकाळी चहाबरोबर तो आकडा बघत होतो, खूश होतो. स्पॉटिफायवर ३० सेकंद वाजलं की एक स्ट्रीम धरतात. हे विकतचे श्रोते म्हणजे माणसं नव्हेत, यंत्रं. ती तेवढंच वाजवतात आणि पुढे जातात. त्याच रचनेचा व्हिडिओ यूट्यूबवर होता, त्याचंही 'प्रमोशन' याच पॅकेजात होतं. तिथे प्रेक्षक कुठपर्यंत टिकतो याचा आलेख दिसतो. मी तो उघडला तेव्हा रेघ ३५ व्या सेकंदाला कड्यावरून पडल्यासारखी खाली गेलेली. हजारो श्रोत्यांतला एकही त्या क्लॅरिनेटपर्यंत पोचला नव्हता. हे बघून जे वाटलं ते ५७ हजारांपेक्षा जास्त होतं.

तेव्हा वाजल्याचा आकडा नका बघू, किती जणांनी गाणं जपून ठेवलं ते बघा. माझं हजारोंनी वाजलं, जपून ठेवलं होतं चौघांनी. त्यातला एक मी. ज्या प्लेलिस्टमध्ये आपल्याला घातलंय ती स्वतः वाजवून बघा. माझ्या 'लेट नाइट जॅझ'मध्ये माझ्या आधी नाताळचं गाणं होतं आणि नंतर जिमला वाजवतात तसलं काहीतरी.

पुढे काय झालं? ज्या कंपनीतर्फे मी गाणी चढवतो तिची मेल आली. कृत्रिम स्ट्रीमिंग आढळलं, रचना काढून टाकली, दंड लागू शकतो. म्हणजे फसलो मी, आणि चोरही मीच. स्पॉटिफाय २०२४ पासून उघड कृत्रिम स्ट्रीमिंगसाठी वितरकांकडून, म्हणजे आपली गाणी चढवणाऱ्या कंपन्यांकडून, प्रत्येक गाण्यामागे दंड घेतं आणि वितरक तो आपल्यावर ढकलतात. बारा महिन्यांत १,००० स्ट्रीम नसतील तर त्या गाण्याचे पैसेही मिळत नाहीत. हाच नियम दाखवून हे लोक घाबरवतात. मी खुलासा पाठवला, पावत्या जोडल्या. उत्तर यंत्राने दिलं. पुन्हा पाठवला, तेच उत्तर, तीच सही.

आता ठाणं. ठाणे अंमलदारांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "व्ह्यूज वाढवून देतो म्हणाले. वाढले ना? मग फसवणूक कसली?" मी यंत्रं, श्रोते, ३० सेकंद सगळं सांगितलं. शेजारचे हवालदार लिहून घेत होते. कागद सहीला आला तेव्हा त्यावर होतं, 'अर्जदार झांजवादनाचा व्यवसाय करतो'. मी म्हटलं, साहेब, जॅझ. ते म्हणाले, "तेच ते." मग म्हणे हे सायबरचं, जिल्ह्याला जा. बस, ऊन, जिल्हा. तिथे म्हणे रक्कम लहान आहे, तुमच्याच ठाण्यात द्या. लहान! त्यांच्या दृष्टीने असेल. परत ठाण्यात, तर अर्ज 'चौकशीवर' ठेवलाय. चौकशी कोण करतंय? ते साहेब रजेवर. रजेवरून आले, तर निवडणुकीचा बंदोबस्त.

मला नंतर कळलं ते तुम्ही आधीच पाठ करा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३. हद्दीचं कारण सांगून दखलपात्र गुन्ह्याची खबर नाकारता येत नाही. नोंदवून घेतली नाही तर लेखी अर्ज टपालाने थेट पोलीस अधीक्षकांना पाठवता येतो. रजिस्टर्ड पाठवा आणि पोच सांभाळा. तोंडी बोलून काहीही होत नाही.

बँकेची तऱ्हा वेगळी. "पिन तुम्हीच टाकलात ना?" संपलं. परवानगीशिवाय झालेल्या व्यवहाराला रिझर्व्ह बँकेच्या नियमाचं संरक्षण आहे, आपण हाताने पाठवलेल्याला नाही. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला तेव्हा तक्रार घेतली, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण तो फोन पहिल्या तासा-दोन तासांत करायचा असतो, पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत. मला कळेपर्यंत महिना उलटला होता. तरी शेवटच्या ९,५०० मधले ३,११८ रुपये कुठल्यातरी खात्यात अडकलेले सापडले आणि गोठवले गेले. ते माझे आहेत हे सगळे मान्य करतात. बँक म्हणते पोलिसांचं पत्र आणा. पोलीस म्हणतात कोर्टाचा आदेश आणा. कोर्टातले कारकून म्हणतात गुन्ह्याचा नंबर सांगा. गुन्हा दाखलच नाही, अर्ज चौकशीवर आहे.

आणि हो, स्पॉटिफायच्या संपादकांकडे रचना पाठवायला एक पैसा लागत नाही. आर्टिस्ट खात्यातून, प्रकाशनाच्या निदान सात दिवस आधी. संपादकीय प्लेलिस्टमधली जागा विकतो म्हणणारा प्रत्येक माणूस खोटं बोलतोय. यूट्यूबवर कमाई सुरू व्हायला लागणाऱ्या १,००० सबस्क्रायबर आणि बघितल्याच्या ४,००० तासांसाठीही विकतचे आकडे घेऊ नका, ते काढून टाकतात आणि चॅनेल संशयात जातं ते वेगळंच.

परवा नवा फोन आला. बाईंचा आवाज, 'रिकव्हरी विभाग'. "सर, तुमचे ३,११८ रुपये होल्डवर आहेत ना? १,९९९ भरा, दोन दिवसांत खात्यात." हा आकडा मी, बँक आणि ठाणं सोडून कोणालाच माहीत नव्हता. त्यांना तो कोणी दिला, हे मला कोणीतरी सांगावं. फसलेल्यांची यादी पुढे विकली जाते, तुम्हालाही असा फोन येईल, एक रुपयाही देऊ नका. मी तो नंबर, वेळ आणि कॉलचं रेकॉर्डिंग घेऊन अर्जाला जोडायला ठाण्यात गेलो. साहेब बंदोबस्ताला गेले होते.