लिनक्स मिंटवर लक्स: दीड वर्ष वापरल्यानंतर

लिनक्स मिंट ही विंडोजच्या जागी चालणारी प्रणाली, आणि लक्स ही लिनक्समध्ये अख्खी डिस्क एन्क्रिप्ट करायची, म्हणजे पासवर्डशिवाय वाचता येणार नाही अशी कुलूपबंद करायची सोय. मी तिच्याकडे कशी वळले ते सांगते. मी नाशिकला कॅनडा कॉर्नरजवळ आयकर आणि जीएसटीची कामं करते. दोन वर्षांपूर्वी माझ्या लॅपटॉपचा मदरबोर्ड गेला. दुरुस्तीवाल्याने डिस्क काढली, छोट्या अडॅप्टरने स्वतःच्या संगणकाला जोडली आणि म्हणाला, "ताई, डेटा शाबूत आहे, बघा." बघितलं तर पिंपळगावच्या द्राक्ष बागायतदारांचे पॅन, सातपूरच्या कामगारांचे फॉर्म 16, बँकेची स्टेटमेंट, सगळे फोल्डर त्याच्या पडद्यावर उघडे. पासवर्ड कुणी विचारलाच नाही. माझा पासवर्ड फक्त लॉगिनचा होता. डिस्क दुसऱ्या मशीनला लावली की त्याचा काही संबंध उरत नाही. माणूस सज्जन, त्याने एकही फाईल उघडली नाही. पण ती डिस्क पिशवीत घालून घरी आणली आणि त्या रात्री मला झोप लागली नाही. लोक आपलं कर्ज, पगार, घरातले वाद माझ्या भरवशावर सांगतात.

नव्या लॅपटॉपवर आधी व्हेराक्रिप्ट वापरलं. ट्रूक्रिप्टचं काम 2014 मध्ये बंद झाल्यावर त्याच्याच कोडवर पुढे चालू राहिलेलं हे सॉफ्टवेअर. एक मोठी फाईल बनवायची, पासवर्ड दिला की ती पेनड्राइव्हसारखी उघडते. चांगलंच आहे, सीएकडच्या विंडोजवर पेनड्राइव्ह न्यायचा तर आजही मी तेच वापरते. पण जुलैच्या गर्दीत मेलवरून आलेलं स्टेटमेंट डाउनलोड्समध्ये पडतं, पीडीएफची एखादी प्रत टेम्प या तात्पुरत्या फोल्डरमध्ये राहते, रॅम कमी पडली की काही भाग स्वॅपमध्ये, म्हणजे डिस्कवरच्या राखीव जागेत जातो. कपाटाला कुलूप आणि कागद टेबलावर, अशी गत. फक्त होम फोल्डर, म्हणजे आपल्या फाईलींचा फोल्डर, एन्क्रिप्ट करण्यातही तीच अडचण आहे, होमबाहेरचं उघडंच राहतं. मिंट ज्यावर बेतलेलं आहे त्या उबुंटूने तर 18.04 या आवृत्तीपासून तो पर्याय इन्स्टॉलरमधून काढूनच टाकला.

भाचा इंजिनिअरिंगला आहे. तो म्हणाला, "आत्या, एकेक फाईल कुठे वेचत बसतेस? अख्खी डिस्कच लक्समध्ये घाल." मिंट टाकताना पूर्ण डिस्क पुसण्याचा पर्याय निवडला, ॲडव्हान्स्ड फीचर्समध्ये एलव्हीएम (डिस्कचे भाग सांभाळणारी सोय) आणि एन्क्रिप्शनवर खूण केली, झालं. जुनं सगळं जातं, तेव्हा डेटा आधी बाहेर काढा. सुरू व्हायला लागणारा बूटचा भाग सोडला तर स्वॅपसकट सगळं कुलपात. काम करताना वेग कमी झाल्याचं मला एकदाही जाणवलं नाही, कारण प्रोसेसरमध्ये एईएस या एन्क्रिप्शनच्या पद्धतीसाठी वेगळी सोय असते. सुरू करताना पासफ्रेज, म्हणजे अनेक शब्दांचा लांब पासवर्ड, दिल्यावर मात्र दोनेक सेकंद जातात. लक्स 2 या आवृत्तीत पासफ्रेजवरून डिस्क उघडणारी किल्ली काढताना मुद्दाम वेळ आणि मेमरी खर्च होते, म्हणजे अंदाजाने पासफ्रेज शोधत बसणाऱ्याला प्रत्येक प्रयत्न महाग पडतो.

घाबरले ती एकदाच. पासफ्रेज ठेवली होती सहा मराठी शब्दांची, रोमन लिपीत, मध्ये काही आकडे. रिटर्न भरायच्या शेवटच्या आठवड्यात लॅपटॉप सुरू केला तर पासफ्रेज चुकीची. पाच वेळा, सहा वेळा. हात थरथरायला लागले. मग लक्षात आलं. हिशेबाच्या सवयीने मी आकडे उजवीकडच्या नंबर पॅडवरून मारते, आणि सुरू होताना नमलॉक बंद असतो. एरवी वरच्या ओळीतून मारत असावे, त्या दिवशी हात सवयीने उजवीकडे गेला. त्याच संध्याकाळी आकडे काढून टाकले. पासफ्रेज बदलल्याने डिस्क पुन्हा एन्क्रिप्ट होत नाही. खरी किल्ली तीच राहते, पासफ्रेज फक्त ती उघडते.

लक्स 2 मध्ये अशा 32 पासफ्रेज ठेवता येतात. दुसरी मी कागदावर लिहून बंद पाकिटात बँकेच्या लॉकरमध्ये ठेवली आहे, यजमानांना माहीत आहे. मला काही झालं तर पक्षकारांचे कागद अडकून पडायला नकोत. शिवाय हेडरचा बॅकअप घ्याच, हे कळकळीने सांगते. हेडर म्हणजे एन्क्रिप्ट केलेल्या भागाच्या सुरुवातीची, किल्ली जपणारी जागा; ती बिघडली तर पासफ्रेज तोंडपाठ असूनही काही परत मिळत नाही. लक्स हाताळणाऱ्या क्रिप्टसेटअप या प्रोग्रॅमची एक आज्ञा, जेमतेम 16 एमबीची फाईल, बहिणीकडच्या पेनड्राइव्हवर आहे. पासफ्रेज बदलली की ती फाईल नव्याने घ्यायची आणि जुनी नष्ट करायची, कारण जुन्या हेडरला जुनी पासफ्रेज अजून चालते.

आणि झाकण लावलं म्हणजे कुलूप लागलं असं नाही. लॅपटॉप झोपलेला असताना किल्ली रॅममध्ये तशीच असते. मुंबईला जायचं असलं की नाशिकरोडला पंचवटी एक्सप्रेस यायच्या आधी मी तो पूर्ण बंद करते आणि दिवा विझलेला बघूनच पिशवीत घालते.