आधी आकृती, मग सूत्र: गतिनियमांच्या गणितांची पद्धत, वर्षभर वापरल्यावर

पीयूसी पहिल्या वर्षाला (कर्नाटकातली अकरावी) सायन्स घेतलेली बेळगाव, खानापूर, निपाणीकडची मुलं न्यूटनच्या नियमांशी आली की एकाच जागी अडतात. गणित वाचून होण्याआधीच सूत्र शोधायला लागतात. त्यावर उपाय म्हणून वापरलेली पद्धत जुनीच आहे, फक्त ती एकही पायरी न गाळता वापरायची. एक वस्तू निवडा, तिच्याभोवती गोल काढा, तिचं वजन आणि तिला स्पर्श करणाऱ्या गोष्टींची बलं एवढेच बाण काढा. त्वरणाच्या दिशेने एक अक्ष घ्या. समीकरण अक्षरांत मांडा, आकडे शेवटी घाला.

गळिताच्या हंगामात ट्रॅक्टरमागे उसाच्या दोन ट्रॉल्या दिसतात, त्यावरच गणित घालता येतं. प्रत्येक भरलेली ट्रॉली ८००० किलो, चाकांचा रोध वजनाच्या ०.०३ पट, त्वरण ०.२५ मीटर प्रति सेकंद वर्ग, जी (गुरुत्व त्वरण) १० धरा, रस्ता सपाट. मागच्या ट्रॉलीवर आडवी बलं दोनच: पुढच्या जोडातला ताण आणि २४०० न्यूटन रोध. वस्तुमान गुणिले त्वरण २०००, म्हणून ताण ४४०० न्यूटन. पुढच्या ट्रॉलीला मागचा जोड मागे खेचतो, त्यामुळे ट्रॅक्टरलगतचा ताण ४४०० + २४०० + २००० = ८८०० न्यूटन. दोन्ही ट्रॉल्या एकच वस्तू मानूनही ८८००च येतात, हा ताळा प्रत्येक वेळी घ्यावा. चूक ठरलेली असते: मागच्या ट्रॉलीवर ट्रॅक्टरच्या जोराचा बाण काढतात. ट्रॅक्टर तिला शिवतही नाही.

या पद्धतीचा सगळ्यात मोठा फायदा घर्षणात दिसतो. ५ किलोचा ठोकळा ३० अंशांच्या उतारावर, स्थैतिक घर्षणांक ०.६. बहुतेक जण घर्षण म्हणजे म्यू (घर्षणांक) गुणिले अभिलंब बल असं लिहून २६ न्यूटन काढतात. पण उताराच्या दिशेने वजनाचा भाग २५ न्यूटनच आहे. ठोकळा हलतच नाही आणि घर्षण २५ न्यूटन आहे. २६ ही त्याची कमाल मर्यादा. उतार ३७ अंश करा: वजनाचा भाग ३०, मर्यादा २४, ठोकळा सुटतो. आता गतिज घर्षणांक, समजा ०.५, लावायचा: घर्षण २०, त्वरण २. आधी हलतो का ते तपासायचं, मग घर्षण. हा क्रम मोडला की पुढचं सगळं उत्तर वाया जातं.

आकृतीतल्या आणखी दोन चुका हमखास सापडतात. वजनाचे दोन भाग काढल्यावर मूळ बाण खोडत नाहीत, मग वजन दोनदा मोजलं जातं. आणि वस्तुमान गुणिले त्वरण हे वेगळं बल समजून त्याचाही बाण काढतात; ते समीकरणाच्या उजव्या बाजूला असतं, आकृतीत नाही. भाग तुटक रेषेने काढायची सवय लावली की पहिली चूक जवळजवळ थांबते.

कप्प्यांच्या गणितात मात्र नुसती आकृती पुरत नाही. दोरीची लांबी बदलत नाही, हे वेगळं समीकरण लिहावंच लागतं. दोरीचं एक टोक वर बांधलेलं असेल, तर सरकत्या कप्पीचं त्वरण मोकळ्या टोकाच्या निम्मं असतं. ते न लिहिल्यास अज्ञात राशी समीकरणांपेक्षा जास्त होतात आणि मुलं तासभर तिथेच फिरतात.

काही गणितांना ही पद्धत लावूच नये. गोकाक धबधब्याचं पाणी साधारण ५२ मीटर खाली पडतं. हवेचा रोध सोडला तर तळाशी वेग किती, हे ऊर्जेवरून एका ओळीत येतं: सुमारे ३२ मीटर प्रति सेकंद. प्रश्नात वेळ आणि बल नसून उंची आणि वेग असेल, तर आधी ऊर्जा बघावी.

कर्नाटकच्या सीईटीला (प्रवेश परीक्षेला) भौतिकशास्त्राच्या ६० प्रश्नांना ८० मिनिटं मिळतात, म्हणजे एका प्रश्नाला ८० सेकंद. तिथे सगळ्या पायऱ्या लिहून होत नाहीत. सरावात सगळं लिहावं आणि परीक्षेच्या दोन महिने आधीपासून फक्त आकृती व समीकरण कागदावर ठेवून बाकीचं मनात करावं. आकृती मात्र शेवटपर्यंत सोडू नये. ती काढायला दहा सेकंद लागतात. रेघी वहीपेक्षा कोरी वही घ्या, उताराची आकृती अर्ध्या पानाची काढा. लहान आकृतीत कोन वजनाच्या बाणाशी आहे की उताराशी, हेच कळत नाही आणि साइनच्या जागी कोसाइन पडतो.